मूडल: विद्यार्थ्याला विचार करायला लावणाऱ्या सेटिंग्ज, आणि नुसत्या दिसायला बऱ्या असलेल्या

मूडल म्हणजे कोर्स ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर. ते 2002 साली मार्टिन डूगियामस यांनी प्रसिद्ध केलं. तेव्हापासून ते मुक्त परवान्यावर मिळतं आणि जगभरातल्या विद्यापीठांत वापरात आहे. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी सर्व्हर, बॅकअप आणि सांभाळणारा माणूस यांचा खर्च असतोच, हे आधीच सांगितलेलं बरं. बहुतेक विभागांत त्याचा उपयोग ठरलेला असतो: नोट्सच्या पीडीएफ चढवायच्या, असाइनमेंट गोळा करायच्या आणि सत्र संपता संपता एक क्विझ ठेवायची. एवढ्यासाठी मूडल म्हणजे महागडं कपाट झालं.

या परीक्षणात एकच प्रश्न धरून मूडल तपासलं आहे. पदवी आणि पदव्युत्तर वर्गातला विद्यार्थी स्वतःच्या शिकण्याकडे मागे वळून पाहील, त्यात भाग घेईल, यासाठी मूडल किती कामाचं आहे? उत्तर थोडं विचित्र आहे. ज्या सोयींच्या नावातच लेखन किंवा मनोगत सुचवलेलं असतं, त्या बऱ्याचदा निकामी निघतात. जिथे मूडल घटनांचा क्रम ठरवू देतं, तिथे ते फार चांगलं चालतं. उत्तराबरोबर खात्री नोंदवायला लावणं, इतरांचं वाचण्याआधी स्वतःचं लिहायला लावणं, उत्तरसूची उघडण्याआधी आपल्या चुकीचं कारण शोधायला लावणं, ही कामं त्याला नेमकी जमतात. “या घटकातून काय शिकलात ते तीनशे शब्दांत लिहा” या चौकटीतून मात्र तीनशे शब्द तेवढे मिळतात.

एक सूचना आधीच. 2022 मध्ये आलेल्या 4.0 आवृत्तीत मेनूंची मांडणी बदलली. जुन्या मार्गदर्शिकेतल्या चित्रांत दिसणारी बटणं नव्या पडद्यावर भलतीकडे सापडतात. खाली दिलेल्या सोयी मात्र आधीही होत्या आणि आताही आहेत.

खात्रीवर गुण: सर्वात कमी वापरलेली आणि सर्वात चांगली सोय

क्विझच्या सेटिंगमध्ये प्रश्न कसे वागतील हे ठरवणारा एक पर्याय असतो. त्यात ‘डिफर्ड फीडबॅक विथ सीबीएम’ निवडता येतं. सीबीएम म्हणजे खात्रीवर आधारित गुणदान. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधले टोनी गार्डनर-मेडविन यांनी ही पद्धत विकसित केली. विद्यार्थी उत्तर निवडतो आणि त्याच्या खालीच आपली खात्रीही नोंदवतो. खात्रीच्या तीन पायऱ्या असतात. पहिलीवर बरोबर उत्तराला 1 गुण आणि चुकीला 0. दुसरीवर बरोबरला 2, चुकीला उणे 2. तिसरीवर बरोबरला 3, चुकीला उणे 6.

हे आकडे मनाला येतील तसे घेतलेले नाहीत. उत्तर बरोबर असण्याची शक्यता 67 टक्क्यांपेक्षा कमी वाटत असेल तर पहिली पायरी फायद्याची, 67 ते 80 टक्क्यांदरम्यान दुसरी, आणि 80 च्या वर तिसरी. म्हणजे प्रामाणिकपणे खात्री सांगणाऱ्यालाच जास्त गुण मिळतात. भीतीपोटी सगळीकडे खालची पायरी धरणाराही तोट्यात जातो आणि फुशारकीने सगळीकडे वरची धरणाराही.

दहा प्रश्नांची क्विझ घ्या. सात बरोबर, तीन चूक. सगळीकडे तिसरी पायरी धरली असेल तर 21 उणे 18, हातात 3. सगळीकडे पहिली धरली असेल तर 7. नऊ बरोबर आणि एक चूक असेल तर चित्र उलटतं: तिसऱ्या पायरीवर 27 उणे 6 म्हणजे 21, पहिलीवर फक्त 9. वर्गात ही क्विझ ठेवण्याआधी हे गणित फळ्यावर मांडून दाखवावंच लागतं. नाहीतर पहिल्याच वेळी निम्मा वर्ग ऋण गुणांत जातो आणि मग चर्चा विषयाची न होता गुणांच्या अन्यायाची होते.

क्विझ संपल्यावर मूडल प्रत्येक पायरीचा वेगळा हिशोब दाखवतं: त्या पायरीवर किती उत्तरं दिली आणि तिथे विद्यार्थी अतिआत्मविश्वासात होता, कमी आत्मविश्वासात होता की ठीक होता. हा हिशोब म्हणजेच चिंतनाचा कच्चा माल. “तिसऱ्या पायरीवर चुकलेला एक प्रश्न निवडा आणि आपल्याला एवढी खात्री का वाटली ते लिहा” या एका प्रश्नाला जे उत्तर येतं, ते कुठल्याही सर्वसाधारण मनोगतापेक्षा उपयोगी असतं. चुकीची खात्री कुठून आली हे शोधताना विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकात परत जावंच लागतं.

त्रुटी दोन. एक, दहा गुणांच्या क्विझमध्ये बेरीज 30 पर्यंत जाऊ शकते आणि शून्याखालीही. ही संख्या अंतिम निकालात मिसळायच्या भानगडीत पडू नये. सरावाची क्विझ म्हणूनच ठेवावी. दोन, निबंधवजा प्रश्नांना सीबीएम लागू होत नाही, कारण ते प्रश्न हातानेच तपासायचे असतात. बहुपर्यायी, चूक की बरोबर आणि संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नांना ते बेतलेलं आहे. साहित्य किंवा तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना त्यामुळे याचा वापर मर्यादितच करता येईल. तरी मूळ मजकुराच्या आकलनावरचे प्रश्न त्यांनाही यात बसवता येतात.

परीक्षेनंतरचं पान

परीक्षा झाल्यावर विद्यार्थ्याला छोटी प्रश्नावली द्यायची: तयारी कशी केली, किती तास दिले, गुण कुठे आणि कशामुळे गेले, पुढच्या वेळी काय बदलणार. इंग्रजीत याला एक्झाम रॅपर म्हणतात. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मार्शा लव्हेट यांच्या कामामुळे ही पद्धत बरीच पसरली. मूडलमध्ये ती उभी करता येते, पण तयार बटण नाही. तीन तुकडे जोडावे लागतात.

पहिला तुकडा क्विझ. तिच्या ‘रिव्ह्यू ऑप्शन्स’मध्ये चार स्तंभ असतात: प्रयत्न सुरू असताना, संपल्यावर लगेच, क्विझ खुली असेपर्यंत नंतर कधीही, आणि क्विझ बंद झाल्यावर. या चारही स्तंभांतून ‘राइट आन्सर’ची खूण काढा. गुण आणि कोणतं उत्तर चुकलं हे दिसू द्या, योग्य उत्तर नको. दुसरा तुकडा ‘फीडबॅक’ ही क्रिया, म्हणजे कोर्समध्ये घालायची प्रश्नावली. तिच्यात चार प्रश्न घाला आणि पूर्णतेची अट ‘प्रश्नावली सादर केली’ अशी ठेवा. तिसरा तुकडा उत्तरसूची, वेगळ्या पानावर. त्या पानाच्या ‘रिस्ट्रिक्ट अ‍ॅक्सेस’मध्ये फीडबॅक पूर्ण झाल्याची अट लावा.

योग्य उत्तर क्विझमध्येच का ठेवायचं नाही? कारण क्विझचे रिव्ह्यू पर्याय फक्त वेळ पाहतात, दुसरी क्रिया पूर्ण झाली की नाही हे पाहत नाहीत. उत्तरं तिथे उघडी राहिली तर प्रश्नावली भरायचं कारणच उरत नाही.

यात ठरलेल्या जागी घोटाळे होतात. ‘लगेच’ या स्तंभाचा अर्थ क्विझ सादर केल्यापासून दोन मिनिटं एवढाच आहे. तिथे दाखवलेली आणि पुढच्या स्तंभात न ठेवलेली गोष्ट दोन मिनिटांनी गायब होते, आणि विद्यार्थी तक्रार करतो की “सर, आत्ता दिसत होतं.” क्विझला बंद होण्याची तारीखच दिली नसेल तर चौथा स्तंभ कधीच लागू होत नाही, तिथे ठेवलेल्या खुणा सत्रभर झोपून राहतात. फीडबॅकमध्ये नावं नोंदवायची की निनावी ठेवायचं, हे पहिलं उत्तर येण्याआधी ठरवा. तयारीच्या सवयींबद्दल एकेकट्या विद्यार्थ्याशी बोलायचं असेल तर नावं हवीत आणि तसं वर्गाला स्पष्ट सांगितलेलं हवं. शिकवण्याबद्दल मत हवं असेल तर निनावी वेगळा फॉर्म करा. दोन्ही एका फॉर्मात कोंबलं की दोन्ही फसतात.

अट लावताना शेजारी डोळ्याचं चिन्ह असतं. डोळा उघडा असेल तर पान धूसर दिसतं आणि “हे उघडण्यासाठी अमुक पूर्ण करा” असं लिहिलेलं असतं. मिटलेला असेल तर पान अजिबात दिसत नाही, आणि अशी काही उत्तरसूची आहे हे विद्यार्थ्याला कळत नाही. इथे डोळा उघडाच हवा. शिवाय पूर्णतेच्या अटी एकदा विद्यार्थ्यांनी काम सुरू केल्यावर बदलायला गेलात तर मूडल त्या ‘अनलॉक’ करायला सांगतं आणि आधीची पूर्णतेची नोंद पुसून नव्याने मोजतं. सत्राच्या मध्यावर हे करू नये.

फोरम: आधी स्वतःचं लिहा

फोरमचे पाच प्रकार आहेत. चिंतनासाठी त्यातला ‘क्यू अँड ए’ हा कामाचा. शिक्षक प्रश्न टाकतात, विद्यार्थी स्वतःचं उत्तर लिहीपर्यंत त्याला इतरांची उत्तरं दिसत नाहीत. साध्या फोरममध्ये पहिली दोन चांगली उत्तरं आली की पुढची चाळीस “मी वरील मताशी सहमत आहे” या वाणाची असतात. तो रोग इथे बराच आटोक्यात येतो.

पण एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. स्वतःचं उत्तर टाकल्यावरही इतरांची उत्तरं लगेच उघडत नाहीत. दुरुस्तीसाठी दिलेला वेळ संपावा लागतो आणि तो मूळ सेटिंगमध्ये 30 मिनिटांचा आहे. म्हणून हा फोरम 45 मिनिटांच्या तासात लाइव्ह वापरायचा बेत केला तर तास वाट पाहण्यात जातो. ही वेळ अ‍ॅडमिनला कमी करता येते, पण ती सगळ्या साइटला एकदम लागू होते, एका कोर्सला नाही. त्यापेक्षा उत्तर आज, वाचन आणि प्रत्युत्तर परवा, अशी दोन तारखांची आखणी करा.

दुसरी अडचण पळवाटेची. नुसतं एक टिंब टाकूनही कुलूप उघडतं. फोरममध्ये किमान शब्दांची सक्ती करता येत नाही. शब्दसंख्या दाखवण्याची सोय आहे, अडवण्याची नाही. उपाय एवढाच की गुण पहिल्या पोस्टलाच द्यायचे आणि तसं आधी जाहीर करायचं. पोस्टची वेळ दिसते, त्यामुळे लपवाछपवी टिकत नाही. 3.8 आवृत्तीपासून संपूर्ण फोरमवरच्या एका विद्यार्थ्याच्या सगळ्या पोस्ट एकत्र पाहून गुण देता येतात. आधीच्या पोस्टगणिक रेटिंगपेक्षा हे कितीतरी सोयीचं.

साठ जणांचा एकच फोरम कोणी वाचत नाही. सहा ते आठ जणांचे गट करून ‘सेपरेट ग्रुप्स’ लावा. मग प्रश्न टाकताना ‘सर्व सहभागी’ निवडू नका, कारण त्या धाग्याला विद्यार्थ्यांना उत्तर देता येत नाही. प्रत्येक गटाला प्रत पाठवण्याची खूण असते, ती वापरा. पहिल्या दिवशी “उत्तर द्यायचं बटणच नाही” अशी तक्रार आली की कारण नव्वद टक्के हेच समजावं.

वर्कशॉप: ताकदवान आणि नाजूक

सहाध्यायांचं काम तपासताना स्वतःच्या कामातल्या त्रुटी दिसायला लागतात. वर्कशॉप ही क्रिया त्यासाठीच आहे. तिचे पाच टप्पे: मांडणी, सादरीकरण, तपासणी, गुणांचं मूल्यमापन, समाप्ती. विद्यार्थ्याला दोन वेगळे गुण मिळतात, कामाचे आणि तपासणीचे. न बदलल्यास 80 आणि 20. पदव्युत्तर वर्गात हे प्रमाण 60 आणि 40 करायला हरकत नाही. तपासणी नीट केली तर गुण आहेत हे दिसलं की तपासणी नीट होते.

यातली सर्वात मोलाची सोय म्हणजे नमुना सादरीकरण. शिक्षक एक-दोन नमुने चढवतात आणि स्वतः त्यांना गुण देऊन ठेवतात. विद्यार्थी आधी तोच नमुना तपासतो आणि मग आपली व शिक्षकांची तपासणी शेजारी ठेवून पाहतो. कुठल्या निकषावर आपण सैल आणि कुठल्यावर कडक, हे त्याला कोणी न बोलता कळतं. एक चांगला आणि एक मध्यम नमुना द्या. अगदी वाईट नमुना दिला तर सगळेच त्याला बरोबर नापास करतात आणि हाती काही लागत नाही.

आता नाजूकपणा. सादरीकरणाची मुदत संपली म्हणजे काम आपोआप वाटलं जाईल, असं गृहीत धरू नका. ‘शेड्यूल्ड अ‍ॅलोकेशन’ चालू करावं लागतं आणि मुदतीनंतर पुढच्या टप्प्यावर जाण्याची खूणही करावी लागते. दोन्हींपैकी एक राहिलं की तपासणीच्या दिवशी विद्यार्थ्यांना रिकामं पान दिसतं. दोन्ही केलं आणि तरीही काही हललं नाही, तर सर्व्हरवरचा क्रॉन बंद पडलेला असण्याची शक्यता मोठी. क्रॉन म्हणजे पडद्यामागची कामं ठरावीक वेळाने करणारी यंत्रणा; ती दर मिनिटाला चालावी अशी मूडलची शिफारस आहे. फोरमच्या ईमेल येत नसतील तरी संशय तिथेच घ्यावा.

एका कामाला किमान तीन तपासनीस ठेवा, चार उत्तम. तपासणीचे गुण ठरवताना मूडल सगळ्या तपासण्यांच्या सरासरीच्या सर्वात जवळची तपासणी आदर्श मानतं आणि बाकीच्यांचं अंतर मोजतं. दोनच तपासनीस असतील तर दोघंही सरासरीपासून सारखेच दूर, मग तुलना कशाची करणार? काही विद्यार्थी तपासणी करतच नाहीत हे धरून एक जास्तीचा तपासनीस हाताशी असलेला बरा. ‘कॉमेंट्स’ ही पद्धत निवडली तर आकडी गुण द्यायची जागाच नसते आणि सगळ्या कामांना पूर्ण गुण पडतात. केवळ लेखी अभिप्राय हवा असेल तरच ती घ्या, एरवी रुब्रिक, म्हणजे प्रत्येक निकषाच्या गुणांच्या पायऱ्या लिहिलेला तक्ता. रुब्रिकमध्ये प्रत्येक निकषाची सर्वात खालची पायरी शून्याची ठेवा. ती 1 पासून सुरू केली की शेवटचा आकडा शंभरपैकी कसा निघाला हे विद्यार्थ्याला समजावता समजावता दमछाक होते.

थोडक्यात, वर्कशॉप पहिल्यांदा वापरताना गुण न धरता, एक पानाच्या छोट्या कामावर चालवून बघावं. सत्रातल्या सर्वात मोठ्या प्रकल्पावर थेट वापरणं हा जुगार आहे.

असाइनमेंट आणि अभिप्राय

परत दिलेल्या कामावर विद्यार्थी आधी गुण बघतो आणि बहुतेकदा तिथेच थांबतो. म्हणून आधी अभिप्राय, मग गुण, हा क्रम हवासा वाटतो. मूडलमध्ये ‘मार्किंग वर्कफ्लो’ बघून वाटतं की हे जमेल. जमत नाही. त्यात ‘रिलीज्ड’ ही स्थिती येईपर्यंत गुण आणि अभिप्राय दोन्ही झाकलेले राहतात आणि दोन्ही एकदमच उघडतात. सगळ्या वर्गाचे निकाल एका वेळी जाहीर करायला ती सोय उत्तम, पण या कामाला नाही.

चालणारी जोडणी अशी: एकाच कामाच्या दोन असाइनमेंट करा. पहिल्या मसुद्याला आकडी गुणांऐवजी दोनच पायऱ्यांची स्वतःची श्रेणी लावा, “पुढे जा” आणि “पुन्हा लिहा”. दुसरी असाइनमेंट पहिलीला श्रेणी मिळाल्यावरच उघडेल अशी अट घाला. दुसरीत फाइलबरोबर ‘ऑनलाइन टेक्स्ट’ही मागा आणि त्यात एकच प्रश्न ठेवा: “मसुद्यावरच्या अभिप्रायातला कोणता मुद्दा स्वीकारला, कोणता नाकारला आणि का?” नाकारण्याची मुभा देणं महत्त्वाचं. ती नसेल तर सगळे जण सगळंच स्वीकारल्याचं लिहितात आणि मजकुरात बदल मात्र फक्त शुद्धलेखनाचा असतो.

ऑनलाइन टेक्स्टला शब्दमर्यादा लावता येते आणि ती कडक असते. ओलांडली की मूडल मजकूर स्वीकारत नाही. दीडशे शब्द पुरेत. मर्यादा किती आहे हे प्रश्नाच्या मजकुरातही लिहा, नाहीतर मुदत संपायला पाच मिनिटं असताना विद्यार्थी शब्द छाटत बसतो.

जर्नल आणि ब्लॉग

जर्नल नावाची क्रिया जुन्या आवृत्त्यांत मूळ पॅकेजमध्येच यायची. 2010 साली आलेल्या 2.0 आवृत्तीपासून ती वेगळं प्लगिन, म्हणजे बाहेरून घालायची जोडणी, म्हणून बसवावी लागते. एकाच जागी सत्रभर लिहीत राहायचं आणि शिक्षकांनी तिथेच उत्तर द्यायचं, ही तिची मांडणी अजूनही चांगली आहे. पण बाहेरचं प्लगिन म्हटलं की दर अपग्रेडला ते नव्या आवृत्तीत चालतं का हे तपासणं आलं, आणि मोबाइल अ‍ॅपमध्ये ते चालेलच याची खात्री नाही. वर्ग फोनवरूनच लिहीत असेल तर जर्नलऐवजी असाइनमेंटचं ऑनलाइन टेक्स्ट वापरावं, दर पंधरवड्याला एक.

मूडलचा स्वतःचा ब्लॉग चिंतनासाठी वापरू नये. नोंद कोणाला दिसेल याचे पर्याय म्हणजे फक्त स्वतः, साइटवरचे सगळे, किंवा सगळं जग. “मी आणि माझे शिक्षक” असा पर्यायच नाही. आपल्या अपयशाबद्दल मोकळेपणाने लिहायला सांगायचं आणि ते अख्ख्या महाविद्यालयाला दाखवायचं, हे जमणार नाही. पोर्टफोलिओच, म्हणजे स्वतःच्या कामाचा संग्रहच, हवा असेल तर माहारा बघावं. तेही मुक्त स्रोत आहे, न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं आणि मूडलशी जोडता येणारं. त्यात पान कोणी पाहावं हे विद्यार्थी ठरवतो, गुप्त दुवा देऊ शकतो, आणि गटाकडे सादर केलेलं पान शिक्षक परत देईपर्यंत बदलता येत नाही. मात्र ती दुसरी साइट झाली, दुसरी देखभाल आणि विद्यार्थ्यांना दुसऱ्यांदा शिकवणं. एका विषयापुरता तो खटाटोप परवडत नाही. पूर्ण अभ्यासक्रमाने मिळून घेतला तर परवडतो.

प्रश्न कसा विचारायचा

साधन कितीही चांगलं असलं तरी प्रश्न ढिसाळ असेल तर उत्तर ढिसाळच येणार. ग्रॅहम गिब्ज यांचं 1988 मधलं चक्र अनेक ठिकाणी जसंच्या तसं फॉर्ममध्ये उतरवलेलं असतं: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती. प्रयोगशाळेतल्या किंवा रुग्णालयातल्या एका मोठ्या प्रसंगावर लिहायला ते ठीक आहे. दर आठवड्याला सहा रकाने भरायला लावले की तिसऱ्या आठवड्यापासून सगळ्यांच्या भावना सारख्याच व्हायला लागतात. दोन प्रश्न पुरे, आणि त्यातला एक तरी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कामाकडे बोट दाखवणारा हवा: कोणत्या क्रमांकाचा प्रश्न, मसुद्यातला कोणता परिच्छेद, गटातल्या कोणाच्या पोस्टमुळे मत बदललं.

असा प्रश्न चॅटबॉटकडून लिहून आणणंही अवघड करतो. अशक्य नाही. पण “या घटकाने माझा दृष्टिकोन विस्तारला” छापाचं लेखन यंत्र चुटकीसरशी देतं, आणि “चौथ्या प्रश्नात मी तिसरी पायरी का धरली” याचं उत्तर शिक्षकांसमोरच्या नोंदीशी जुळावं लागतं.

चिंतनाला भरघोस गुण देऊ नयेत. पाच ते दहा टक्के, तेही मुख्यतः पूर्ण केल्याबद्दल. वीस टक्के ठेवले की विद्यार्थी शिक्षकांना काय आवडेल याचा अंदाज घेऊन कबुलीजबाब रचायला लागतात.

वेळेचं गणितही करून ठेवा. साठ विद्यार्थी, आठवड्याला दीडशे शब्द, म्हणजे नऊ हजार शब्द. वाचून दोन ओळी लिहायला प्रत्येकी तीन मिनिटं धरली तरी तीन तास. हे सत्रभर कोणी करत नाही. दर आठवड्याला वीस जणांना वैयक्तिक उत्तर आणि वर्गाला मिळून पाच ओळींची एक पोस्ट, असा फेरा लावला तर तासाभरात भागतं आणि तीन आठवड्यांत प्रत्येकाला एकदा उत्तर मिळतं. उत्तरच येत नाही हे कळलं की लेखन थांबतं, मग सेटिंग कोणतीही असो.

वर्गातलं मतदान

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांनी रूढ केलेली पद्धत अनेकांना माहीत असते: संकल्पनेवरचा प्रश्न, एकट्याने मत, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा मत. पहिल्या फेरीत साधारण 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर असतील तर चर्चेला अर्थ असतो. त्याखाली असेल तर पुन्हा शिकवा, वर असेल तर पुढे चला. मूडलच्या ‘चॉइस’ या एका प्रश्नावर मत घेणाऱ्या क्रियेत हे करता येतं, पण दोन फेऱ्यांसाठी दोन वेगळे चॉइस करा. एकाच चॉइसमध्ये मत बदलू दिलं तर पहिलं मत पुसलं जातं आणि कोणी का बदललं हे विचारायला काही उरत नाही. पहिल्याचा निकाल विद्यार्थ्यांपासून झाकलेला ठेवा. पडद्यावर आकडे आपोआप सरकत नाहीत, पान ताजं करावं लागतं. नाट्य हवं असेल तर मेंटीमीटर किंवा काहूट जास्त चटपटीत आहेत. नोंद कोर्समध्येच राहायला हवी असेल तर चॉइस.

लॉग वाचताना

मूडलचे लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, आणि त्यांवरचे अहवाल क्लिक मोजतात. पान उघडून ठेवून चहाला गेलेला आणि ते पान दोनदा वाचलेला, दोघांची नोंद एकसारखीच. ‘पार्टिसिपेशन रिपोर्ट’मध्ये ‘व्ह्यू’ऐवजी ‘पोस्ट’ निवडा, म्हणजे कोणी प्रत्यक्ष लिहिलं ते कळतं. न लिहिणाऱ्यांना तिथूनच निवडून एकत्र संदेश पाठवता येतो. हा संदेश दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जायला हवा. सत्राच्या शेवटी त्या यादीचा उपयोग फक्त बैठकीत दाखवायला होतो.

सत्र संपताना

कोर्स पुढच्या तुकडीसाठी वापरताना ‘रीसेट’ (आधीच्या तुकडीचं काम पुसणं) करायच्या आधी बॅकअप घ्या, आणि सहकाऱ्याला कोर्स देताना बॅकअपमधली नोंदणी केलेल्या वापरकर्त्यांची खूण काढा. ती राहिली तर मागच्या तुकडीचं सगळं खासगी लेखन कोर्सबरोबर भलत्याच्या हाती जातं. आणि नोंदणी संपल्यावर विद्यार्थ्याला आपलंच लेखन दिसेनासं होतं, म्हणून शेवटच्या आठवड्याच्या कामांत “आपल्या नोंदी उतरवून घ्या” ही ओळ तारखेसकट घालून ठेवा.